जुन्या एटीव्हीचे ब्रेक आणि सेल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेली एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलची चारचाकी) घरी आली की तक्रारी बहुतेक दोनच असतात: ब्रेक नीट धरत नाही आणि सेल्फ (बटण दाबून इंजिन चालू करणारी मोटर) लागत नाही. दोन्ही कामांत वेळ आणि पैसा एकाच सवयीमुळे वाया जातो. आधी पार्ट बदलला जातो, तपासणी नंतर होते. ब्रेकमध्ये दाब लिव्हरपासून पॅडपर्यंत जातो, सेल्फमध्ये करंट बॅटरीपासून मोटरपर्यंत जातो. वाटेत तो नेमका कुठे अडला हे सापडलं की निम्मं काम झालेलं असतं. खालची उत्तरं याच पद्धतीने दिली आहेत. पक्के आकडे आणि बोल्ट किती आवळायचे हे मात्र आपापल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

गाडी चालू होत नाही आणि ब्रेकही लागत नाहीत. आधी काय हातात घेऊ?

ब्रेक. इंजिन चालू झालं की "जरा एक फेरी मारून बघतो" हा मोह आवरत नाही, आणि मोठी एटीव्ही सहज अडीच-तीनशे किलोची असते. उतारावर ती पाय टेकवून थांबत नाही. ब्रेकचं जवळपास सगळं काम इंजिन बंद ठेवूनच करायचं असतं, त्यामुळे सेल्फ नाही म्हणून काही अडतही नाही. आणखी एक कारण आहे. बऱ्याच एटीव्हींमध्ये ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, म्हणजे ब्रेकच्या बाजूचा दोष सेल्फचा दोष म्हणून समोर येतो.

सुरुवातीला काय तपासायचं?

गाडी सपाट जमिनीवर घ्या, चाकं उचला आणि फ्रेमखाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. न्यूट्रलमध्ये एकेक चाक हाताने फिरवा. पॅडचा किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक हाताला जड लागता कामा नये. मग चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. बेअरिंग सैल असताना ब्रेकवर कितीही मेहनत घेतली तरी लिव्हर कधी वर, कधी खाली असाच लागणार, कारण डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला आवळतात ती चकती) डोलते आणि दर वेळी पॅड मागे ढकलते. पहिल्या दाबाला लिव्हर खोल जातो आणि लगेच दुसऱ्या दाबाला बरोबर धरतो, अशी तक्रार असेल तर आधी बेअरिंग आणि वाकडी डिस्क बघा. ड्रम ब्रेक असेल तर शूचं (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं) ॲडजस्टमेंट सैल असतानाही हेच लक्षण दिसतं.

ब्रेकची मांडणीही आधी समजून घ्या. काही गाड्यांत एकाच लिव्हरवर चारही चाकांचा ब्रेक असतो, काहींत पुढचा आणि मागचा वेगळा. काहींचा मागचा ब्रेक गिअरच्या पेटीत, तेलात बुडालेल्या प्लेटींचा असतो. तिथे पॅड शोधत बसाल तर सापडणार नाहीत.

लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो. एअरच असेल ना?

बहुतेक वेळा हो. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून लिव्हर मऊ लागतो. पण एअर आत कुठून आली हे शोधल्याशिवाय नुसती काढू नका. ऑइलची टाकी रिकामी झाली होती का, कॅलिपरच्या (चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सीलभोवती ओल आहे का, मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरपाशी ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) रबरी टोपीखाली ऑइल साचलंय का, ते बघा. ती टोपी बोटाने उलटून बघायला अर्धं मिनिट लागतं. खाली ओलं असेल तर मास्टर सिलिंडरचा किट बदलायला आलाय.

दुसरं कारण म्हणजे फुगणारा जुना होज पाइप. एकाला लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही पाइप चिमटीत धरा. दाबासरशी तो बोटांना फुगताना जाणवला तर एअर काढून उपयोग नाही, पाइप बदला.

लिव्हर दाबून धरला की हळूहळू हँडलला टेकतो. गळती मात्र कुठेच दिसत नाही.

मास्टर सिलिंडरच्या आतलं रबरी सील दाब धरत नाहीये. ऑइल बाहेर न येता आतल्या आत मागे सरकतं, म्हणून गळती दिसत नाही. किट बदला. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे किंवा खड्डे असतील तर नवं सीलही लवकर फाटेल. तेव्हा अख्खा मास्टर सिलिंडर बदलणंच बरं. हा दोष घेऊन गाडी चालवू नका. सपाटीवर तो कळत नाही, लांब उतारावर कळतो.

एअर कितीही काढली तरी लिव्हर घट्ट होत नाही. काय चुकतंय?

आधी कॅलिपर बघा. एअर काढायचं निपल (सैल केल्यावर हवा आणि ऑइल बाहेर सोडणारा पोकळ स्क्रू) कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला असायला हवं. आधी कुणी काम करताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला असेल तर निपल खाली येतं आणि वरची हवा कधीच बाहेर निघत नाही. वापरलेल्या गाड्यांत ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त दिसते. कॅलिपर काढून, पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा धरून, निपल वर येईल असा तात्पुरता हातात धरा आणि एअर काढा. लिव्हर लगेच घट्ट झाला तर कारण सापडलं.

दुसरी जागा हँडलवर आहे. मास्टर सिलिंडरला पाइप जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टपाशी हवेचा बुडबुडा अडकून बसतो. हँडल अशा बाजूला वळवा की टाकी सपाट राहील आणि तो जोड टाकीपेक्षा उंच होणार नाही. मग लिव्हर सुरुवातीच्या अर्ध्या इंचात हलका हलका दाबत राहा. टाकीत बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. तरी जमलं नाही तर मोठ्या सिरिंजने खालून, निपलमधून, ऑइल वर ढकला. बुडबुडा नैसर्गिकपणे वरच जातो, म्हणून एटीव्हीसारख्या लांब, वळणावळणाच्या पाइपांत ही उलटी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. फक्त आधी टाकीतलं जुनं ऑइल उपसा, नाहीतर ते वरून सांडेल आणि रंग खाईल.

ब्रेक सोडला तरी चाक जाम राहतं. कॅलिपर बदलू का?

थांबा. आधी दाब कुठे अडकलाय ते शोधू. चाक जाम असताना कॅलिपरचं निपल किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत कोंडलेला होता, म्हणजे कॅलिपर निर्दोष असू शकतो. निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर मात्र दोष कॅलिपरमध्येच आहे: पिस्टन अडकलाय किंवा सरकत्या पिना गंजल्यात.

दाब कोंडलेला असेल तर निपल बंद करा, ब्रेक पुन्हा दाबून चाक जाम होऊ द्या आणि या वेळी मास्टर सिलिंडरपाशी पाइपचा बोल्ट सैल करा. खाली चिंध्या धरा, डोळ्यांवर चष्मा लावा. इथे सैल केल्यावर चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा. इथे सैल करूनही सुटलं नाही आणि फक्त कॅलिपरच्या निपलवरच सुटत असेल तर होज पाइप आतून सुजलाय. दाब देताना ऑइल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही. बाहेरून असा पाइप अगदी नवाकोरा दिसू शकतो. बॅन्जो बोल्ट सैल केला म्हणजे तांब्याचे वॉशर नवे लावायचे आणि एअर पुन्हा काढायची, हे गृहीत धरा.

मास्टर सिलिंडरचा दोष असेल तर नवीन घ्यायच्या आधी टाकीच्या तळाशी नीट बघा. तिथे दोन भोकं असतात. एक ठळक दिसतं, दुसरं सुईच्या टोकाएवढं, कधीकधी एखाद्या पत्र्याच्या झाकणीखाली. ब्रेक सोडल्यावर उरलेला दाब या बारीक भोकातून टाकीत परत जातो. गाडी वर्षभर उभी राहिली की जुनं ऑइल तिथे साखरेच्या पाकासारखं घट्ट होतं आणि भोक बुजतं. गिटारची सगळ्यात बारीक तार घेऊन ते हलक्या हाताने मोकळं करा. ड्रिल लावू नका, भोक मोठं झालं तर आतलं सील त्यात अडकून कापलं जातं. मोकळं झालं की लिव्हर हलकेच दाबल्यावर त्या भोकावर ऑइलचा छोटासा उमाळा येतो. तो दिसला की समजा वाट खुली आहे. लिव्हर किंवा त्याचा स्क्रू चुकीचा बसून पिस्टन पूर्ण मागे येत नसेल तरीही हेच भोक झाकलेलं राहतं, म्हणून लिव्हरला किंचित मोकळी चाल आहे ना तेही बघा.

पिस्टन अडकलाय. बाहेर कसा काढायचा?

ब्रेकच्याच दाबाने. पॅड काढा, समोर लाकडाचा पातळ तुकडा ठेवा आणि लिव्हर पंप करा. दोन पिस्टन असतील तर मोकळा पिस्टन क्लॅम्पने दाबून धरा, म्हणजे अडकलेला बाहेर येईल. कॉम्प्रेसरची हवा वापरणारच असाल तर अगदी कमी दाबाने, पिस्टनसमोर जाड कापड ठेवून वापरा आणि बोटं लांब ठेवा. हवेने सुटलेला पिस्टन बोट चेचतो.

पिस्टन निघाल्यावर खरा दोषी दिसतो. आतल्या खाचेत चौकोनी कापाचं सील बसलेलं असतं. ब्रेक दाबताना ते सील पिस्टनबरोबर किंचित पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे आणणारी स्प्रिंग नसते, हे काम सीलच करतं. खाचेत सीलमागे पांढरा खडूसारखा थर साठला की सील पुढे ढकललं जाऊन पिस्टनला आवळून धरतं. म्हणून नुसतं नवं सील टाकून भागत नाही. खाच लाकडी किंवा पितळी टोकाने खरवडून तळ दिसेपर्यंत साफ करा. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल घ्या. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस या सीलना लागलं की ती फुगतात. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा आणि त्यांचे रबरी बूट फाटलेले असतील तर बदला, कारण चिखल तिथूनच आत जातो.

कोणतं ब्रेक ऑइल घालायचं?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं. बहुतेक एटीव्हींवर डॉट ४ असतं (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा). डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉल जातीची आहेत आणि एकमेकांत मिसळतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. आकडा जवळचा दिसतो म्हणून ५ आणि ५.१ यांत गफलत करू नका.

ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा किमान उकळबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर १५५ अंश धरला जातो. उतारावर सतत ब्रेक धरला की जुनं ऑइल उकळतं, वाफ होते आणि लिव्हर अचानक मोकळा पडतो. दर २ वर्षांनी ऑइल बदला. वापरलेल्या गाडीत आधी कधी बदललं याची खात्री नसेल तर पहिल्याच आठवड्यात बदला. उघडून बरेच महिने ठेवलेली बाटली वापरू नका.

पॅड किती झिजेपर्यंत चालतात?

अनेक एटीव्हींची मर्यादा १ मिमी असते. मी २ मिमीच्या आसपासच बदलतो. चिखलात पॅड महिन्यांचं काम दिवसांत करतात आणि वाटेत लोखंडावर लोखंड आलं की डिस्क जाते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मायक्रोमीटरने मोजा. काठाला उंचवटा उरतो म्हणून मोजताना मधला झिजलेला पट्टा धरा. चिखल-पाण्यात गाडी जात असेल तर सिंटर्ड धातूचे पॅड घ्या. ब्रेक ऑइल किंवा ग्रीस शोषलेले पॅड धुऊन, भाजून परत येत नाहीत, फेका. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की टाकीतली पातळी वाढते, म्हणून आधीच काठोकाठ ऑइल भरून ठेवू नका.

ड्रम ब्रेक पाण्यातून गेल्यावर धरतच नाहीत.

ड्रमच्या कडेचं मोठं सील फाटलंय किंवा कोरडं पडलंय. पाण्याबरोबर आलेली माती आत राहते आणि शू, व्हील सिलिंडर सगळं गंजवते. सील बदला, त्याच्या ओठावर पाण्याला टिकणारं ग्रीस लावा, शूला लागू देऊ नका. ड्रमला श्वास घेणारी बारीक नळी असेल तर ती वरपर्यंत धड आहे ना बघा. गरम ड्रम पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते, आणि नळी तुटलेली असेल तर त्या वाटेने पाणी आत ओढलं जातं. जुन्या शूची धूळ हवेने फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा, मास्क लावा.

निपल गंजलंय. तुटेल अशी भीती वाटते.

भीती योग्य आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी सहा कोनांचा सॉकेट लावा, दोन तोंडी पाना नको. निपलच्या डोक्यावर हातोडीचे हलके टोले द्या, आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेने हलवा आणि मग सोडा. तरी हलत नसेल तर कॅलिपर उतरवून, सील काढून निपलच्या आजूबाजूची धातू गरम करा. ब्रेक क्लीनरने ओल्या असलेल्या पार्टला कधीही ज्योत लावू नका. काही क्लीनर तापल्यावर विषारी वायू सोडतात.

ब्रेकचं काम केलं आणि आता सेल्फच लागत नाही!

लिव्हरच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो. लिव्हर दाबला की तो "ब्रेक धरलाय" असं सर्किटला सांगतो. त्याशिवाय गिअरमध्ये, काही गाड्यांत तर न्यूट्रलमध्येही, सेल्फ मिळत नाही. लिव्हर किंवा मास्टर सिलिंडर बदलताना या स्विचची सोंड वाकते, कनेक्टर सुटतो, किंवा बाहेरच्या कंपनीच्या लिव्हरला ती सोंड दाबणारा कानच नसतो. सोपी परीक्षा: चावी चालू करून लिव्हर दाबा आणि मागचा ब्रेक लाइट बघा. लाइट लागत नसेल तर सेल्फची मोटर खोलायची गरज नाही. लाइट आणि सेल्फ यांचे स्विच वेगळे असलेली मॉडेलंही आहेत, म्हणून वायरिंगचा नकाशा जवळ ठेवा.

आधीच्या मालकाने हे स्विच वायरने थेट जोडून टाकलेत. गाडी चालते, तसंच ठेवू?

नका ठेवू. गाडी गिअरमध्ये असताना शेजारी उभं राहून कुणी बटण दाबलं तर ती उडी मारून अंगावर येते, आणि बटणापर्यंत लहान मुलाचाही हात पोचतो. तपासायला चारही चाकं स्टँडवर अधांतरी घ्या, गिअर टाका आणि ब्रेक न दाबता बटण दाबा. मॅन्युअलप्रमाणे सेल्फ लागायला नको असताना लागला तर कुठेतरी जोडाजोड आहे. हँडलच्या आवरणात आणि सीटखाली काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेले सांधे शोधा. ते काढून मूळ स्विच बसवणं हे माझ्या मते ब्रेक पॅडइतकंच गरजेचं काम आहे.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही, टक आवाजसुद्धा नाही.

या क्रमाने जा: बॅटरी, मुख्य फ्यूज, चावीचा स्विच, किल स्विच (इंजिन झटकन बंद करायचा), न्यूट्रलचा दिवा, ब्रेकचा स्विच, सेल्फचं बटण, रिले (बटणाच्या बारीक करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच). किल स्विच "बंद"कडे राहिलाय का ते आधी बघा. फ्यूज डोळ्याने धड दिसला तरी मल्टिमीटरने तपासा. न्यूट्रलचा दिवा लागत नसेल तर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून गिअर नीट न्यूट्रलला पाडा.

मग रिलेच्या दोन बारीक वायरींवर मीटर लावा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. दोन्हींमध्ये १२ व्होल्टच्या आसपास मिळाले आणि तरी टक नाही, तर रिले गेला. व्होल्ट नसतील तर रिले निर्दोष, दोष त्याच्या आधी आहे. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हशी ताडून बघा, म्हणजे पॉझिटिव्ह येत नाही की अर्थ (फ्रेममधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट) मिळत नाही ते कळेल. हँडलवरचं बटण पाणी जाऊन हिरवं पडलेलं असतं. उघडताना स्प्रिंग आणि गोळी उडते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा.

एकच टक येतो. आणि कधी टकटकटक. फरक काय?

टकटकटक म्हणजे बॅटरी उतरलेली: रिले ओढला जातो, व्होल्टेज पडतं, रिले सुटतो आणि हे चालू राहतं. एकच ठाम टक म्हणजे रिले काम करतोय, पण जाड वायरीतून मोटरपर्यंत पुरेसा करंट जात नाही, मोटर अडकलीय किंवा इंजिनच जाम आहे.

बॅटरी आधी निकालात काढा. चार्ज करून काही तास शांत ठेवलेल्या चांगल्या लेड बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२ व्होल्ट म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. हा नुसता उभा आकडा फसवतो, म्हणून सेल्फ मारताना मीटर लावून ठेवा. तेव्हा ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा, आणि तरीही पडली तर बदला. इंजिन चालू असताना मध्यम रेसवर साधारण १३.५ ते १४.५ मिळायला हवेत. मिळत नसतील तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

बॅटरी नवी, रिले नवा, मोटरही बदलली. तरी सेल्फ दमल्यासारखा फिरतो.

अशीच एक गाडी माझ्याकडे होती, आणि या तीनही वस्तू मीही बदलल्या होत्या. दोष अर्थच्या वायरीत निघाला. आधी कुणीतरी फ्रेमला छान काळा रंग दिला होता आणि अर्थच्या वायरची कडी त्या रंगावरच आवळली होती. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून बटण दाबलं तर १.८ व्होल्ट दिसले. तिथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. बोल्ट काढला, चाकूने रुपयाएवढी जागा चमकेपर्यंत खरवडली, कडी पॉलिश पेपरने घासली, आवळून वरून ग्रीसचा हात फिरवला. मीटरवर ०.१ आला आणि पहिल्या बटणाला इंजिन उसळून फिरलं.

हीच मोजणी पॉझिटिव्ह बाजूला करा: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या बोल्टपर्यंत, सेल्फ मारत असताना. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर टप्प्याटप्प्याने मोजा, बॅटरी ते रिले, रिलेच्या एका जाड बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत, रिले ते मोटर. ज्या टप्प्यात व्होल्ट हरवतात तोच दोषी. पार्ट विकत घेण्याआधी ही दहा मिनिटं द्या, एवढं मी कळकळीने सांगेन.

रिलेचे दोन जाड बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून बघितलं तर चालेल?

मेकॅनिक करतात, पण त्यात सगळे सेफ्टी स्विच वगळले जातात आणि ठिणग्या उडतात. पेट्रोल गळत असेल किंवा बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल तर अजिबात नाही. चार्जिंगमध्ये हायड्रोजन तयार होतो. मीटरने तीच माहिती सुरक्षितपणे मिळते.

मोटर स्वतः उघडावी का?

उघडा, अवघड नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. लावताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. मोटरवरचा वायरचा नट सोडताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर बोल्ट फिरून आतला इन्सुलेटर तुटतो. मोटरच्या अंगावर आणि टोप्यांवर मार्करने रेघ ओढा, पातळ वॉशर कोणत्या टोकाला किती होते त्याचा फोटो घ्या.

आत कार्बनची काळी भुकटी दिसेल. ती करंट वाहते, म्हणून पूर्ण साफ करा. कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे, घासून झिजणारे ठोकळे) मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा आखूड झाले किंवा स्प्रिंग तळाला टेकायला आली तर बदला. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार काडीने मोकळ्या करा. मीटरने बघा: पट्टी ते पट्टी करंट जायला हवा, पट्टी ते शाफ्ट अजिबात नाही. शाफ्टला जात असेल तर आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळालंय. बंद करताना नवे ओ रिंग घाला. पाणी शिरणं हेच एटीव्हीच्या मोटरी मरण्याचं मोठं कारण आहे.

मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही.

मोटर चांगली आहे. मोटर आणि क्रँक (इंजिनचा मुख्य शाफ्ट) यांच्यामधला एकदिशा क्लच घसरतोय किंवा बेंडिक्सचा (सेल्फ मारताना पुढे सरकून इंजिनशी जुळणारा) गिअर पुढे येत नाही. क्लचचे रोलर झिजतात, स्प्रिंग थकतात. बाजूचं कव्हर उघडावं लागेल, गॅस्केट आणून ठेवा.

सेल्फ अर्धा फेरा मारून अडकतो, बॅटरी चांगली असूनही.

स्पार्क प्लग काढून सेल्फ मारा. आधी पेट्रोलची टाकी बंद करा, प्लगची वायर छिद्रापासून लांब, अर्थला टेकवून ठेवा. प्लगच्या छिद्रातून पेट्रोल उडालं तर कार्बोरेटरची फ्लोटची सुई गळून सिलिंडर भरला होता. अशा वेळी जोर लावून सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही बदला.

पेट्रोल नाही आणि प्लगशिवाय इंजिन मोकळं फिरतं, तर डीकॉम्प्रेसर बघा. सेल्फच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब कमी करणारी ही यंत्रणा बऱ्याच सिंगल सिलिंडर इंजिनांत कॅमवर असते. व्हॉल्व्हचा गॅप वाढला की तिची उचल व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. टॅपेट (म्हणजे हाच गॅप) ॲडजस्ट केल्यावर "सेल्फ खराब" झालेल्या कितीतरी गाड्या बऱ्या होतात.

बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहतो!

रिलेच्या आतले काँटॅक्ट चिकटलेत. चावी बंद करून थांबणार नाही. बॅटरीची वायर ताबडतोब काढा. रिले नवाच लावा, आणि कमजोर बॅटरीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्यामुळे तो चिकटला का तेही तपासा. एरवीही एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

कारच्या बॅटरीवरून चालू करू शकतो का?

दोन्ही १२ व्होल्टच्या असतील तर हो, पण कारचं इंजिन बंद ठेवून. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग कारच्या पॉझिटिव्हला. काळी आधी कारच्या निगेटिव्हला, शेवटचं टोक एटीव्हीच्या इंजिनवर, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. फुगलेली किंवा गळणारी बॅटरी असेल तर जोडू नका.

सगळं झालं. पहिली फेरी कशी मारू?

गाडी हलायच्या आधी लिव्हर आणि पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. नव्या पॅडनंतर पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात आणि नेमकं तेव्हाच लोक निघालेले असतात. हेल्मेट घाला. मोकळ्या सपाट जागी चालण्याच्या वेगात आधी मागचा, मग पुढचा ब्रेक वेगवेगळा बघा. गाडी एका बाजूला ओढते का ते लक्षात घ्या. मग मध्यम वेगातून आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. पॅड डिस्कवर बसायला तेवढं लागतं. परत आल्यावर इंजिन बंद करा, एकेका डिस्कजवळ हात न्या, स्पर्श करू नका. पुढची दोन्ही चाकं सारखी तापलेली हवीत. एकच जास्त धगधगत असेल तर त्या कॅलिपरचं निपल सैल करून बघण्यापासून पुन्हा सुरुवात करा.